कन्सोलचा व्यवसाय, ग्राहकाचा विश्वास आणि कंपनीचा शब्द

१. प्रश्नाचे स्वरूप

'पत' हा शब्द आपल्या बाजारात दोन अर्थांनी वापरला जातो. उधारीवर माल मिळण्याची योग्यता हा त्याचा एक अर्थ आणि बोललेला शब्द पाळण्याविषयीचा लौकिक हा दुसरा. दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. आज पैसा किंवा माल हातावेगळा करणारा मनुष्य समोरच्याच्या उद्याच्या वर्तनावर विसंबून असतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत किंमत आणि परिमाण यांची चर्चा विस्ताराने आढळते. विक्रेत्याच्या शब्दाचा विचार मात्र बहुधा शेवटच्या प्रकरणात, अपवाद म्हणून येतो. परंतु काही व्यवसाय असे आहेत की, त्यांत हा अपवादच नियम होऊन बसतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यास जोडून खेळावयाच्या यंत्रांचा, म्हणजे व्हिडिओ गेम कन्सोलचा व्यवसाय हा त्यांपैकी एक होय. करमणुकीचा विषय म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. पण कंपनीचा प्रामाणिकपणा कोणत्या परिस्थितीत टिकतो आणि कोणत्या परिस्थितीत ढासळतो, हे पाहावयास इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन करावयाचे आहे.

२००१ मध्ये सेगा कंपनीने ड्रीमकास्ट यंत्राचे उत्पादन थांबविले. त्यानंतर या क्षेत्रात सोनी, निंटेंडो आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांचे वर्चस्व राहिले. या व्यवसायाची घडण थोडी निराळी आहे. यंत्र पुष्कळदा उत्पादनखर्चाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी किमतीस विकले जाते. एपिक आणि ॲपल यांच्यातील खटल्यात मे २०२१ मध्ये साक्ष देताना मायक्रोसॉफ्टच्या एका उच्च अधिकाऱ्याने, एक्सबॉक्स यंत्रांच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळविला नाही, असे सांगितले होते. नफा येतो तो पुढे विकल्या जाणाऱ्या खेळांतील वाट्यातून आणि सभासदत्वाच्या वर्गणीतून. या घडणीचे तीन परिणाम लक्षात घेतले पाहिजेत. पहिला असा की, यंत्राची खरेदी हा व्यवहाराचा शेवट नसून कित्येक वर्षांच्या संबंधाचा आरंभ असतो. दुसरा असा की, एका कंपनीच्या यंत्रासाठी घेतलेले खेळ दुसरीच्या यंत्रावर चालत नाहीत. म्हणून संबंध तोडावयाचा तर आधीचा खर्च पाण्यात जातो. तिसरा परिणाम गेल्या वीस वर्षांतला आहे. यंत्र इंटरनेटला जोडलेले असल्यामुळे ग्राहकाच्या घरात असलेल्या वस्तूतही विक्रीनंतर बदल करण्याचे सामर्थ्य कंपनीपाशी उरते.

२. सैद्धांतिक पार्श्वभूमी

या विषयास उपयोगी पडणारे तीन विचार योगायोगाने एकाच वर्षी, १९७० मध्ये, प्रसिद्ध झाले. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, मालाचा कस विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि अखेरीस वाईट मालच शिल्लक राहतो. फिलिप नेल्सन यांनी, जिचे गुण घेण्यापूर्वी पाहून कळतात ती वस्तू आणि वापरल्यावरच कळतात ती वस्तू, असा भेद केला. अल्बर्ट हर्शमन यांनी असमाधानी ग्राहकापुढे दोन मार्ग असतात असे प्रतिपादन केले: निघून जाणे आणि आवाज उठविणे. पुढे १९७३ मध्ये डार्बी व कार्नी यांनी नेल्सन यांच्या वर्गीकरणात तिसऱ्या प्रकाराची भर घातली. ज्या मालाचे गुण वापरूनही सामान्य ग्राहकास पडताळता येत नाहीत, केवळ विश्वासानेच मानावे लागतात, तो हा प्रकार होय.

कन्सोल यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो? वस्तुत: तो तिन्ही प्रकारांत मोडतो. किंमत आणि प्रसिद्ध झालेल्या अटी आधी पाहता येतात. यंत्राचा टिकाऊपणा वापराने कळतो. आणि आपली खाजगी माहिती कंपनीने नीट सांभाळली आहे की नाही, हे ग्राहकास वापरूनही कळत नाही. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन येथूनच निघते. लौकिक गमावण्याची भीती कंपनीस सरळ ठेवते हे खरे; पण ती भीती अयोग्य गोष्ट विक्रीपूर्वी उघड होते तेथे प्रबळ असते आणि विक्रीनंतर उघड होते तेथे दुर्बळ होते. पुढील उदाहरणे या दृष्टीने पाहावीत.

३. बाजार कोसळण्याचे उदाहरण

१९७७ मध्ये अटारी कंपनीने बाजारात आणलेल्या यंत्रावर बाहेरच्या कोणासही खेळ तयार करता येत असे. त्यास रोखणारी तांत्रिक योजना त्यात नव्हती. १९७९ मध्ये अटारी सोडून गेलेल्या काही कार्यक्रमलेखकांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. अटारीने दावा लावला, पुढे तडजोड झाली आणि अनेक नवख्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. दुकानातील खोक्यावरच्या चित्रावरून आतील खेळाचा कस कळण्यास मार्ग नव्हता. अटारीची स्वतःची स्थितीही निराळी नव्हती. गाजलेल्या 'ई. टी.' चित्रपटावरील खेळ १९८२ च्या नाताळापूर्वी विक्रीस यावा म्हणून तो सुमारे पाच आठवड्यांत उरकण्यात आला. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो गावानजीक पुरण्यात आला. २०१४ मध्ये उत्खनन होऊन त्याची खातरजमाही झाली. सामान्यतः दिल्या जाणाऱ्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेतील या व्यवसायाची उलाढाल १९८३ मधील सुमारे ३२० कोटी डॉलरांवरून १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आली. घरगुती संगणकांची स्पर्धा आणि दुकानदारांकडे साचलेला माल ही कारणेही त्यामागे होतीच. तथापि चांगला आणि वाईट माल ओळखण्याचे साधन ग्राहकापाशी नव्हते, हे ॲकरलॉफ यांच्या सिद्धांताशी जुळणारे कारण त्यात ठळक आहे.

निंटेंडो कंपनीने १९८५ मध्ये अमेरिकेत प्रवेश केला तो याच अविश्वासाच्या वातावरणात. तिने दोन उपाय योजले. यंत्रात एक कुलूप-चिप बसविली, जेणेकरून कंपनीने मान्य न केलेला खेळ चालू नये. आणि मान्य खेळांच्या खोक्यांवर गुणवत्तेचा शिक्का उमटविला. बाहेरच्या प्रकाशकांनी वर्षाकाठी किती खेळ काढावेत यावरही तिने मर्यादा घातली. बाजार पुन्हा उभा राहिला. परंतु शिक्का देणाऱ्याच्या हाती सत्ता येते आणि ती केवळ ग्राहकाच्या हितासाठीच वापरली जाईल याची शाश्वती नसते. दुकानदारांनी यंत्र ठरावीक किमतीखाली विकू नये म्हणून निंटेंडोने दबाव आणला, असा आरोप अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने आणि राज्यांच्या महाधिवक्त्यांनी केला. १९९१ मधील तडजोडीनुसार ग्राहकांना पाच-पाच डॉलरांच्या सवलतीच्या चिठ्ठ्या देण्यात आल्या. विश्वासाचा प्रश्न सोडविणारी यंत्रणाच विश्वासाचा नवा प्रश्न कशी निर्माण करते, हे येथे दिसते.

४. विक्रीपूर्वीचे वचन

मायक्रोसॉफ्टने मे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन या यंत्राची घोषणा केली आणि ६ जून रोजी त्याच्या अटी प्रसिद्ध केल्या. यंत्राने चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटद्वारे कंपनीशी संपर्क साधला पाहिजे, अन्यथा खेळ चालणार नाहीत. शिवाय खेळाची चकती मित्रास देणे अथवा जुनी म्हणून विकणे यांवर बंधने राहतील, असे त्यांत होते. १० जून रोजी लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनात सोनीने आपल्या प्लेस्टेशन ४ वर असे कोणतेही बंधन नसल्याचे जाहीर केले आणि किंमतही ४९९ डॉलरांच्या तुलनेत ३९९ डॉलर ठेवली. ग्राहकांचा विरोध इतका तीव्र होता की, १९ जून रोजी, म्हणजे अटी प्रसिद्ध झाल्यापासून तेराव्या दिवशी, मायक्रोसॉफ्टने त्या मागे घेतल्या.

हे उदाहरण बहुधा कंपनीच्या अप्रामाणिकपणाचे म्हणून सांगितले जाते. तो निष्कर्ष बरोबर नाही. अटी जाचक होत्या, परंतु त्या लपविलेल्या नव्हत्या. यंत्र विक्रीस येण्याच्या पाच महिने अगोदर त्या लोकांपुढे मांडल्या गेल्या. जाचक अट आणि खोटे वचन या भिन्न गोष्टी होत. अट आधी सांगितली गेली, प्रतिस्पर्धी समोर होता आणि ग्राहकाने अद्याप एक पैसाही गुंतविलेला नव्हता; म्हणूनच निघून जाण्याच्या नुसत्या धमकीने काम केले. तरीही पतीस लागलेला धक्का लवकर भरून आला नाही. प्लेस्टेशन ४ ची विक्री आपल्या यंत्राच्या दुपटीहून अधिक झाली, हे मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा-नियामकापुढे सादर केलेल्या निवेदनात मान्य केले. यास किमतीसारखी अन्य कारणेही होती. सारे श्रेय किंवा दोष त्या तेरा दिवसांस देणे योग्य होणार नाही.

याच्या उलट प्रकार प्लेस्टेशन व्हिटा या हातात धरावयाच्या यंत्राचा. २०१२ मध्ये अमेरिकेत ते विक्रीस आले तेव्हा, घरातील प्लेस्टेशन ३ वरील खेळ दूर कोठेही व्हिटावर खेळता येतील, असा समज जाहिरातींनी करून दिला. प्रत्यक्षात फारच थोडे खेळ तसे चालत. केंद्रीय व्यापार आयोगाने ही जाहिरात फसवी ठरविली. २०१४ मधील तडजोडीनुसार सोनीने ग्राहकांना २५ डॉलर रोख अथवा जमा, किंवा ५० डॉलरांच्या मालाची चिठ्ठी द्यावयाची होती. जाहिरात संस्थेतील कर्मचाऱ्यांनी आपला संबंध न सांगता यंत्राची वाखाणणी इंटरनेटवर प्रसिद्ध केली, असाही आयोगाचा आक्षेप होता. येथे विधान विक्रीपूर्वी झाले, पण त्याची असत्यता विक्रीनंतर कळली. लौकिकाचा धाक तेरा दिवसांत जे करू शकला, त्यासाठी येथे शासनास दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

अर्धे सत्य हा तिसरा प्रकार. 'सायबरपंक २०७७' हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वी परीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली. जुन्या कन्सोलवर तो अत्यंत सदोष चालतो, हे ग्राहकांना विकत घेतल्यावरच कळले. उत्पादक कंपनीने क्षमायाचना केली. जुन्या कन्सोलवरील खेळ आपण आधी दाखविला नाही, हेही तिने मान्य केले. सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत देण्याची व्यवस्था केली आणि जून २०२१ मध्येच तो पुन्हा विक्रीस ठेवला. खोटे एकही वाक्य न बोलता दिशाभूल कशी होते, याचा हा नमुना आहे. आपल्या यंत्रावर विकावयाचे खेळ तपासून घेण्याची जबाबदारी यंत्राच्या मालकाकडे असताना हे घडले, ही गोष्टही विसरता कामा नये.

५. दोष आणि मौन

नोव्हेंबर २००५ मध्ये विक्रीस आलेल्या एक्सबॉक्स ३६० या यंत्राच्या दर्शनी भागावर तीन लाल दिवे लागले की यंत्र निकामी झाले असे समजावे, हा अनुभव लवकरच असंख्य ग्राहकांना आला. अमेरिकेत हमीची मुदत आरंभी अवघी नव्वद दिवसांची होती. डिसेंबर २००६ मध्ये ती एक वर्षाची करण्यात आली. दोष व्यापक आहे असे मात्र कंपनी दीर्घकाळ म्हणत नव्हती. अखेरीस जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या विशिष्ट दोषासाठी हमी तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यापोटी १०५ ते ११५ कोटी डॉलरांची तरतूद केली. दोषाचे तांत्रिक मूळ कंपनीने सविस्तर सांगितले ते २०२१ मधील आपल्या माहितीपटात. यंत्र वारंवार तापून थंड होत असताना चिपच्या आतील सूक्ष्म जोडण्यांवर ताण येऊन त्या तुटत, असे ते कारण होते.

या घटनेत दोन निरनिराळ्या वर्तनांचा भेद करावयास हवा. पहिली वीस महिने 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे धोरण होते. त्यानंतरचे वर्तन मात्र अर्थशास्त्राच्या परिभाषेत खर्चिक संकेताचे आहे. नुसती दिलगिरी कोणीही व्यक्त करू शकतो. शंभर कोटींहून अधिक डॉलर बाजूस ठेवणारी कंपनीच पुढेही धंद्यात राहू इच्छिते, हे ग्राहकास पटते. निंटेंडोने २०११ मध्ये ३डीएस यंत्राची किंमत काही महिन्यांतच २४९.९९ डॉलरांवरून १६९.९९ डॉलरांवर आणली, तेव्हा आधी घेतलेल्या ग्राहकांना वीस खेळ विनामूल्य दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःच्या वेतनात निम्मी कपात केली. तेथे दोष नव्हता, फसवणूकही नव्हती. तरी आरंभी विश्वास टाकणाऱ्याचे नुकसान होऊ नये, ही दृष्टी त्यात होती.

मौनाची किंमत विशेषतः खाजगी माहितीच्या बाबतीत दिसून येते. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये परक्यांनी शिरकाव केला. २० एप्रिल रोजी सेवा बंद करण्यात आली. परंतु सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आहे, हे ग्राहकांना २६ तारखेस सांगण्यात आले. तपास पूर्ण होईपर्यंत नक्की काय गेले हे ठाऊक नव्हते, अशी कंपनीची बाजू होती आणि ती अगदीच निराधार नाही. पण आपला परवलीचा शब्द बदलावा की नाही, हे ठरविण्यासाठी ग्राहकास खात्रीची नव्हे, संभवाची माहिती पुरेशी होती. ती मिळाली नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड केला. ही रक्कम आणि खात्यांची संख्या यांचे गुणोत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे.

निंटेंडो स्विच यंत्राच्या जॉय-कॉन या हातनियंत्रकाचे प्रकरण आणखी एका गुंतागुंतीकडे लक्ष वेधते. मार्च २०१७ मध्ये यंत्र आल्यानंतर, नियंत्रकाची कांडी हातही न लावता हलल्याचा संकेत देते, अशा तक्रारी वाढत गेल्या. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. जून २०२० मध्ये अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी त्रासाबद्दल क्षमा मागितली. परंतु दावा चालू असल्याने अधिक बोलता येणार नाही, असेही सांगितले. दोषाची कबुली हाच न्यायालयात पुरावा होणार असेल, तर वकिलाचा सल्ला मौनाचाच असणार. म्हणजे ग्राहकाच्या रक्षणासाठी असलेला कायदाच कंपनीस गप्प राहण्याचे कारण पुरवितो. युरोपात निराळा मार्ग चोखाळला गेला. तेथील ग्राहक संघटनांच्या महासंघाने जानेवारी २०२१ मध्ये सुमारे २५,००० तक्रारी गोळा करून युरोपीय आयोगाकडे गाऱ्हाणे नेले आणि २०२३ मध्ये निंटेंडोने, हमीची मुदत संपली असली तरी हे नियंत्रक विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे मान्य केले. हर्शमन यांच्या भाषेत, एकेकट्याचा आवाज जेथे विरून जातो तेथे संघटित आवाज ऐकावा लागतो.

६. विक्रीनंतर बदललेला करार

सर्वांत गंभीर प्रश्न मात्र याहून वेगळा आहे. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ विक्रीस आले तेव्हा त्यावर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसविण्याची सोय होती आणि तिचा गुण म्हणून उल्लेखही केला जात असे. अनेक संशोधकांनी स्वस्त गणनयंत्र म्हणून त्याचा उपयोग केला. अमेरिकी वायुदलाच्या संशोधनशाळेने तर २०१० मध्ये सुमारे १,७०० यंत्रे जोडून महासंगणक उभारला. त्याच वर्षी १ एप्रिल रोजी सोनीने सुरक्षिततेचे कारण देऊन एका नव्या आज्ञावलीद्वारे ही सोय काढून टाकली. ग्राहकास ती न स्वीकारण्याची मोकळीक होती; पण मग त्यास इतरांशी इंटरनेटवर खेळता येणार नव्हते आणि पुढील काही खेळही चालणार नव्हते. दोन्ही गुणांसाठी पैसे मोजलेल्या मनुष्यास, त्यांपैकी कोणता गमावतोस, असे विचारण्यात आले. सामूहिक दावा रेंगाळत राहिला. २०१६ ची पहिली तडजोड न्यायालयाने अमान्य केली आणि २०१८ मध्ये ३७.५ लाख डॉलरांवर प्रकरण मिटले.

एक्सबॉक्स वनशी याची तुलना केली असता लेखाचे प्रतिपादन स्पष्ट होते. तेथे तेरा दिवस, येथे आठ वर्षे. तेथे ग्राहकाच्या हाती पैसे होते, येथे कंपनीच्या हाती. सुरक्षिततेची सबब खरी मानली तरी प्रश्न उरतोच: धोका कंपनीच्या उत्पन्नास असेल, तर त्याच्या निवारणाचा खर्च आधीच पैसे दिलेल्या ग्राहकाने का सोसावा?

चकत्यांऐवजी केवळ इंटरनेटवरून खेळ घेण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हा प्रश्न अधिक व्यापक झाला आहे. मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा यांची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले आणि विरोध होताच पुढील महिन्यात तो निर्णय फिरविला. निंटेंडोने मात्र मार्च २०२३ मध्ये वी यू व ३डीएस यांची दुकाने बंद केली. 'विकत घ्या' असे लिहिलेली कळ दाबून ग्राहकास मिळतो तो बहुधा परवाना, मालकी नव्हे. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून अमलात आणलेल्या कायद्यानुसार, हा परवाना रद्द होऊ शकतो हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. हा कायदा मालकी देत नाही. तो फक्त विक्रीनंतर कळणारी गोष्ट विक्रीपूर्वी सांगावयास लावतो. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व नेमके यातच आहे.

७. एक आक्षेप आणि निष्कर्ष

असा आक्षेप घेतला जाईल की, लाल दिव्यांच्या प्रकरणानंतरही एक्सबॉक्स ३६० ची विक्री आठ कोटींच्या वर गेली आणि प्लेस्टेशन ३ चीही तशीच. मग विश्वासभंगाने बिघडले काय? या आक्षेपात विक्री हेच विश्वासाचे माप मानले आहे. तीनच विक्रेते असलेल्या आणि प्रत्येकाच्या नावावर अशी प्रकरणे जमा असलेल्या बाजारात ग्राहक एकास सोडून दुसऱ्याकडे जाईल, तो अधिक प्रामाणिक आहे म्हणून नव्हे. शिवाय संग्रही असलेल्या खेळांचे मोल त्यास जागीच खिळवून ठेवते. राहणे म्हणजे विश्वास ठेवणे नव्हे. पुष्कळदा ते अडून राहणे असते.

यावरून तीन निष्कर्ष काढता येतात. अटी विक्रीपूर्वी उघड असतील आणि प्रतिस्पर्धी जिवंत असेल, तेथे लौकिकाचा धाक पुरेसा ठरतो. तेथे शासनाने फारसे पडण्याचे कारण नाही. दोष वापरानंतर उघड होत असेल, तेथे दीर्घ मुदतीची हमी हा उत्तम उपाय होय, कारण ती दोष लपविण्यातील लाभच नाहीसा करते. आणि विक्रीनंतर वस्तूचे स्वरूप बदलण्याचे सामर्थ्य विक्रेत्यापाशी उरत असेल, तेथे बाजार अपुरा पडतो व कायदा अपरिहार्य ठरतो. मात्र तो कायदा असा हवा की, दोष लवकर कबूल करणाऱ्याची स्थिती तो लपविणाऱ्यापेक्षा वाईट होऊ नये.

खेळयंत्रांपुरताच हा विचार मर्यादित नाही. मोटार, दूरध्वनी, शेतातील ट्रॅक्टर अशी एकेक वस्तू आज विकल्यानंतरही उत्पादकाच्या आज्ञेत राहू लागली आहे. त्या वस्तूंच्या बाबतीत जे प्रश्न उद्या आपल्यापुढे येतील, त्यांचा पूर्वपाठ कन्सोलच्या ग्राहकाने अगोदरच गिरविला आहे.